मदत हवी आहे: 'आठवड्याचा मानकरी' कसा निवडता?

नमस्कार मंडळी, मी दुसरीला शिकवते. आमच्याकडे दर शनिवारी प्रत्येक वर्गातल्या एका मुलाला मानकरी म्हणून प्रमाणपत्र मिळतं. पाढे, वाचन, शुद्धलेखन असं मोजता येणारं पाहिलं की तीच चार-पाच मुलं पुढे येतात. पाळीपाळीने दिलं तर पोरांना लगेच कळतं ("बाई, पुढच्या वेळी माझा नंबर ना?") आणि त्या कागदाला किंमत उरत नाही.

त्यात लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा प्रयोग वाचला. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं, तर पुढे ती आपणहून कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही! म्हणजे आधी जाहीर करूच नये का?

मला तर नुसत्या 'शाब्बास'पेक्षा 'अडलेला शब्द तू स्वतः फोडून वाचलास' असं नेमकं वाक्य लिहावंसं वाटतं. पण भरल्या वर्गात अशा नोंदी आठवडाभर कशा ठेवता? आणि मुलांनाच एकमेकांची नावं सुचवू दिली, तर सगळं दोस्तीवर जातं का? कुणी करून पाहिलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.