मदत हवी आहे: शाळेतला वीज-पाण्याचा वापर खरोखर कमी कसा करावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेत यंदा पर्यावरण समिती नेमली आणि मी विज्ञान शिकवते म्हणून ती माझ्या गळ्यात आली. इमारत जुनी, दुमजली. मैदान, भरपूर झाडं, संगणक कक्ष, प्रयोगशाळा, एक उपाहारगृह. पहिल्या बैठकीत ठरलं ते असं: घोषवाक्य स्पर्धा, चित्रकला स्पर्धा, ५ जूनला वृक्षारोपण आणि या सगळ्याचा फाटकावर मोठा फ्लेक्स. फ्लेक्स पीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचाच असतो असं मी म्हणून पाहिलं. सगळे हसले आणि पुढचा विषय निघाला.

स्पर्धांना माझी ना नाही. पण वर्षअखेरीला कुणी विचारलं की नेमकं काय कमी झालं, तर आकडा दाखवता यायला हवा. व्यवस्थापनाला छतावर सोलर बसवायचाय, कारण तो दिसतो. मला वाटतं आधी वापर कमी करावा, पण ते पटवायला माझ्याकडे महिन्याच्या बिलाशिवाय काही नाही, आणि बिलावरून वीज कुठे जातेय ते कळत नाही.

तर विचारायचंय ते हे: मोजायला सुरुवात कशी करू? जुने पंखे आणि ट्यूब सरसकट बदलाव्यात का? पाण्याला मीटरच नाही, मग गळती शोधायची कशी? शिवाय पालापाचोळा सध्या जाळला जातो, ते थांबवायचंय. पूर्वी कुणीतरी खताचा खड्डा केला होता, तो वासामुळे बुजवला म्हणे. वेगळा निधी नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

मॅडम, मी इमारतींच्या विद्युत देखभालीत आहे. बिल तूर्त बाजूला ठेवा. संध्याकाळी शेवटची खोली बंद झाली की मीटरचं रीडिंग घ्या, सकाळी पहिली खोली उघडायच्या आधी परत घ्या. मधला फरक म्हणजे कुणीही नसताना जळलेली वीज. समजा १४ तासांत १४ युनिट गेले, तर एक किलोवॅटचा भार रात्रभर चालू होता असा अर्थ. रविवारी आणि मोठ्या सुट्टीत हाच आकडा काढा, डोळे उघडतील.

शाळांमध्ये नेहमीचे संशयित म्हणजे रात्रभर पाणी गार करत बसलेले कूलर, संगणक कक्षातले यूपीएस, स्टँडबायवरचे प्रोजेक्टर आणि उजाडल्यावरही न विझलेले आवारातले दिवे. कोणत्या सर्किटवर काय चाललंय ते बघायला एकेक एमसीबी (पॅनेलमधला त्या सर्किटचा सुरक्षा-खटका) पाडून मीटर पाहायचं. ते काम वायरमननेच करायचं, मुलांना पॅनेलपासून लांब ठेवा. कूलरला साधा टाइमर पुरतो.

सोलरबद्दल व्यवस्थापनाला एवढंच सांगा: एक किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर जागा लागते आणि चांगलं ऊन असेल तिथे दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात. वापर आधी कमी केला तर तेवढा लहान संच पुरेल. सुट्टीत शाळा बंद आणि ऊन कडक, त्या दिवसांची वीज नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घ्यायची सोय) नसेल तर फुकट जाते. सोलर वाईट नाही, फक्त त्याचा नंबर पहिला नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पंख्यांबाबत मात्र घाई नको. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज ७ तास, वर्षाचे २०० दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला ६३ युनिट वाचतात. दिवसभर भरलेल्या वर्गात हे पटतं. पण ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जिथे पंखा आठवड्यातून तासभर फिरतो, तिथला चालू पंखा काढून टाकणं म्हणजे नुसता भंगार वाढवणं. आधी जास्त तासांच्या खोल्या, बाकीचे बिघडतील तसे बदला.

ट्यूबचं वेगळं आहे. जुनी ट्यूब ४० वॅटची आणि वर चोकची भर, एलईडी ट्यूब २० ची. ती लवकर बदला. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, त्या फोडू नका, साध्या कचऱ्यात टाकू नका. आणि फळ्याजवळच्या व खिडकीकडच्या दिव्यांची बटणं वेगळी करून घ्या. आमच्याकडे एका बटणावर अख्खा वर्ग उजळतो, बाहेर लख्ख ऊन असलं तरी!

प्रतिसाद ३

पाण्यासाठी मीटर नसलं तरी छतावरची टाकी आहेच. शनिवारी शाळा सुटल्यावर पंप बंद ठेवा, टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, सोमवारी परत बघा. टाकी चौकोनी असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले उतरलेली उंची, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला १००० ने गुणलं की गेलेले लिटर. हा सहावी-सातवीच्या गणिताचा तास आहे, मुलांनाच करू द्या.

पातळी उतरली असेल तर आधी स्वच्छतागृहांकडे वळा. नळ गळतो तो दिसतो, फ्लशची टाकी मात्र गुपचूप गळते. टाकीत खायचा रंग टाका, पंधरा-वीस मिनिटं कुणाला वापरू देऊ नका. भांड्यात रंग उतरला की आतलं रबर गेलं समजा. दिसणाऱ्या गळतीखाली मोजपात्र धरा: मिनिटाला १०० मिली म्हणजे दिवसाला १४४ लिटर. आणि छतावरची टाकी वाहून जाते का तेही पाहा. बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) किंवा पंपाचा ऑटो स्विच नसेल तर वाया जाणारं पाणी वर चढवायला वीजही जाते.

वायसर आणि रबर बदलून झाल्यावरच नळांना एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारी जाळी) लावा. उलट क्रमाने केलं तर कशामुळे किती वाचलं ते कळणार नाही.

प्रतिसाद ४

पाचोळ्याबद्दल. वास सुटला म्हणजे बहुतेक उपाहारगृहाचं ओलं जास्त आणि सुकं कमी पडलं असणार, वर हवाही कोंडली असणार. खत होण्यासाठी कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३० ला १ लागतं. सुक्या पानांत कार्बन भरपूर, भाजीच्या देठा-सालींत नायट्रोजन. आकारमानाने ओल्याच्या दुप्पट-तिप्पट पाचोळा घाला आणि ओल्याचा प्रत्येक थर लगेच झाका. मूठभर मिश्रण पिळल्यावर पाणी ठिबकू नये, पण हाताला ओल लागावी. जुन्या खताची एक पाटी विरजणासारखी घातली तर लवकर लागतं.

मी तर खड्डा करूच नका म्हणेन. जमिनीवर जाळीचा पिंजरा करा, चारी बाजूंनी हवा मिळते आणि आठवड्याला उपसून परत भरणं सोपं जातं. नुसता पाचोळा असेल तर सहा महिने किंवा जास्त लागतील, पण वासाचा प्रश्नच नाही. थोडा पाचोळा झाडांच्या बुंध्याभोवती तसाच पसरा, खोडाला मात्र टेकवू नका. पाणी कमी लागेल.

धागाकर्ती

खूप आभार! रात्रीचं रीडिंग घेतलं आणि खरंच कूलर निघाले, दोन्ही मजल्यांवरचे. टाइमरला मुख्याध्यापकांनी लगेच होकार दिला. फ्लशच्या टाक्यांची पाहणी आठवीची मुलं करताहेत, त्यांना तर गुप्तहेरगिरी वाटतेय.

अजून दोन शंका. आरओमधून बाहेर पडणारं पाणी बागेला चालेल का? आणि या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या कशाशी लावायचा? यंदा पटसंख्या वाढली आहे.

प्रतिसाद ५

आरओच्या सांडपाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला, स्वच्छतागृहात ओतायला उत्तम. कुंड्यांना रोज घातलंत तर मातीत क्षार साठतील. त्याआधी मूळ पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तपासून घ्या. तो कमीच असेल तर आरओची गरज नाही, गाळणी आणि यूव्हीवर (जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्यावर) भागू शकतं. मग एक लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर टाकणं आपोआप थांबेल.

तुलना नेहमी त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करा, कारण उन्हाळ्यातले पंखे आणि थंडीतले पंखे वेगळे. युनिटला विद्यार्थी आणि कामाचे दिवस या दोन्हींनी भागा, म्हणजे पट वाढल्याचा गोंधळ राहणार नाही. रात्रीचा आकडा मात्र भागायचा नाही, तो तसाच वेगळ्या रकान्यात ठेवा. गेल्या बारा महिन्यांची बिलं लेखनिकांकडून आजच मागून घ्या, फायली हलल्या की मिळत नाहीत.

आणि तक्ता फ्लेक्सवर छापू नका, फळ्यावर खडूने लिहा. आठवड्याला पुसून नवा लिहायचाच आहे.