केबल बंद करायची आहे, पण आईच्या हातात एकच रिमोट राहायला हवा

जाईजुई

नमस्कार. घरात आम्ही चौघं आहोत. मी, नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि माझी आई. आईचं वय ७६. केबल फक्त तिच्यासाठी चालू आहे, असं आम्ही बाकीचे तिघं बरीच वर्षं म्हणत आलोय.

गेल्या महिन्यात बिलं भरताना पहिल्यांदा सगळं कागदावर मांडलं. केबल, इंटरनेट आणि दोन ओटीटी यांचा मिळून खर्च १०० धरला, तर त्यातले ४६ केबलचे निघाले. इंटरनेटचे ३२ आणि दोन ओटीटींचे २२. जवळजवळ अर्धा खर्च केबलचा, आणि शेकडो चॅनलांपैकी आई लावते फक्त पाच. त्या पाचांचे आकडे तिला पाठ आहेत. चष्मा जवळ नसला तरी बोटांनी चाचपून बरोबर चॅनल लावते.

सहा महिन्यांपूर्वी एकदा प्रयत्न करून झालाय. टीव्हीला स्टिक (इंटरनेटवरची ॲप टीव्हीवर दाखवणारं छोटं यंत्र) लावली आणि आठवडाभर केबलचा बॉक्स काढून ठेवला. ते जमलं नाही. संध्याकाळी साडेआठला, आईच्या मालिकेच्या वेळी, पडद्यावर गोल फिरत राहायचं. स्टिक मध्येच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. पण खरं बिनसलं ते रिमोटवरून. एक दिवस मी ऑफिसला असताना आईने टीव्हीच्या रिमोटवरचं कुठलं तरी बटण दाबलं आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ आलं. तिने मला फोन केला नाही. मी कामात असेन म्हणून ती त्या निळ्या पडद्यासमोर दीड तास तशीच बसून राहिली. घरी येऊन ते पाहिलं आणि त्याच रात्री बॉक्स परत जोडला.

आता पुन्हा विचार करतेय, पण यावेळी घाई करायची नाही. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत आणि ज्यांनी केबल सोडली आहे, त्यांनी कसं केलं ते सांगाल का? टीव्ही सात वर्षं जुना आहे, स्मार्ट आहे पण फार मंद चालतो. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्ही आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती.

रात्रपाळी

ताई, काहीही विकत घेण्याआधी दोन आठवडे टीव्हीशेजारी एक वही ठेवा. कोणी, किती वाजता, काय पाहिलं, एवढंच लिहायचं. आम्ही हे न करता केबल सोडली आणि चार सबस्क्रिप्शनं घेऊन बसलो. पहिल्या तीन महिन्यांत खर्च केबलच्या वर गेला होता. एक तर फुकट चाचणीच्या मुदतीवर घेतलेलं होतं. मुदत संपली कधी आणि पैसे कापले गेले कधी, ते कळलंच नाही.

तेव्हापासून सबस्क्रिप्शन घेतलं की त्याच मिनिटाला मी त्याचं आपोआप नूतनीकरण बंद करतो. पैसे भरलेला महिना बहुतेक सेवा पूर्ण बघू देतात. पुढच्या महिन्यात हवंसं वाटलं तर पुन्हा घ्यायचं. एका वेळी एकच चालू, आणि त्यावरचं बघून झालं की दुसरं.

जुना_तंत्रज्ञ

मी ३१ वर्षं टीव्ही दुरुस्तीचं काम केलं. तुमचा तो आठवडा कशामुळे फसला ते तुमच्या वर्णनातच बरंचसं आहे.

आधी स्टिक आपोआप बंद पडण्याचं बघू. तिची वायर टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचली होती का? बहुतेक जण तसंच करतात, कारण भिंतीतला प्लग लांब असतो. जुन्या टीव्हीचा यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ०.५ अँपिअर देतो. स्टिकच्या सोबत जो अडॅप्टर येतो त्यावर बहुधा १ अँपिअर लिहिलेलं असतं. पुरेशी वीज मिळाली नाही की चित्र जड झाल्याबरोबर स्टिक मान टाकते. तोच अडॅप्टर भिंतीत लावून बघा. लोक स्टिक खराब आहे म्हणून परत करायला निघालेले मी पाहिलेत, आणि दोष नुसता त्या वायरीचा होता.

दुसरं, साडेआठचं गोल फिरणं. नेटफ्लिक्स स्वतः १०८० च्या (फुल एचडी) चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. तुमचं कनेक्शन याच्या कितीतरी पट असेल, पण तो वेग राउटरपाशी मिळतो. दोन भिंतींपलीकडे किती पोचतो हा प्रश्न आहे. मोबाइल घेऊन टीव्हीला अगदी चिकटून उभे राहा आणि वेग मोजा, तोही साडेआठलाच, मुलगा घरात असताना. दुपारी मोजलेल्या आकड्याचा काही उपयोग नाही. राउटरवर वायफायची दोन नावं दिसत असतील तर दोन्हींवर मोजा. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं पण भिंतीपुढे लवकर दमतं. २.४ गिगाहर्ट्झचं भिंत ओलांडतं, पण शेजारपाजारच्या सगळ्यांची त्यावर गर्दी असते. आणि खरं सांगू का, जमत असेल तर राउटरपासून भिंतीच्या कडेने एक लॅन केबल, म्हणजे इंटरनेटची वायर, ओढून घ्या. पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, तेवढा भरपूर झाला. स्टिकला लॅनचं भोक नसतं, पण तिच्यासाठी छोटं इथरनेट अडॅप्टर मिळतं.

आता रिमोट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय शोधा. कंपन्या तिला आपापली नावं देतात. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ती चालू केली की स्टिकच्या रिमोटने टीव्ही सुरू होतो आणि आपोआप योग्य इनपुटवर, म्हणजे स्टिक जोडलेल्या जागेवर, जातो. मग टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्यायचा. निळा पडदा येतो तो इनपुटच्या बटणामुळे, आणि ते बटण असलेला रिमोट आईंच्या हाताशी राहताच कामा नये. स्टिकच्या रिमोटवर जी ॲपची बटणं नको असतील त्यांच्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा. मी स्वतः किती घरांत लावून दिली आहे.

टीव्हीतल्याच ॲपवर विसंबू नका. टीव्हीचा पडदा १०-१२ वर्षं टिकतो, आतलं सॉफ्टवेअर तेवढं टिकत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या टीव्हींवर आणि रोकू डब्यांवर (टीव्हीला जोडायचे स्ट्रीमिंगचे डबे) आपलं ॲप चालवणं बंद केलं, तेव्हा पडदा उत्तम असलेले संच त्या कामापुरते आंधळे झाले. टीव्ही म्हणजे नुसता पडदा समजा आणि डोकं बाहेरून लावा. ते जुनं झालं तर एकटं बदलता येतं.

एक हिशेब राहिला. केबल दिवसभर चालू ठेवली तरी इंटरनेटच्या डेटाला हात लागत नाही. स्टिकवर मात्र ५ एमबीपीएसने तासाला साधारण २.२५ जीबी जातात. आईंचा टीव्ही रोज ७ तास चालत असेल तर महिन्याला ४७० जीबीच्या आसपास. तुमच्या प्लॅनला मर्यादा असेल तर हे आधी तपासा. चित्राचा दर्जा ॲपमध्ये कमी करता येतो. वयस्कर डोळ्यांना लांबून ७२० आणि १०८० मधला फरक सहसा जाणवत नाही.

मैदानी

तुमचे यजमान सामने बघत असतील तर एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा. स्ट्रीमिंगवरचा थेट सामना केबलच्या मागे चालतो. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवले जातात. ॲपलच्या एचएलएस या व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतीत ६ सेकंदांचा तुकडा सुचवलेला आहे, आणि चित्र पडद्यावर दाखवण्याआधी ॲप असे दोन-तीन तुकडे जमा करून ठेवतं. त्यामुळे २० ते ३० सेकंदांचा उशीर सहज होतो. शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्याकडे अजून चेंडू टाकायचा असतो. मला त्याचा खरंच त्रास झाला. सामन्याच्या वेळी मोबाइलवरच्या सूचना बंद ठेवायला लागलो तेव्हा कुठे मजा परत आली.

वाचनवेडी_६८

मी तुमच्या आईच्या बाजूने लिहितेय, कारण माझ्या मुलांनी दोन वर्षांपूर्वी माझी केबल काढली.

तुम्ही सगळं नीट मांडलंय, पण आईला विचारलंत का? तिला काय बघायचंय हे नव्हे, टीव्ही कशासाठी लागतो ते. मला शिकवायला मुलगा बसला तेव्हा तो पटापट दहा गोष्टी दाखवून मोकळा झाला. मला मात्र हातात रिमोट घेऊन तीच गोष्ट वीसदा करून बघायची होती. शेवटी मीच पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. घराचं चित्र असलेलं बटण, मग उजवीकडे एकदा, मग मधलं बटण. काही बिघडलं तर घराचं चित्र. हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. कुठेही अडकलं तरी परत येण्याची वाट एकच आहे हे कळलं आणि माझी भीती गेली.

आणखी एक सांगते. केबलवर काहीतरी आधीच चालू असतं. ॲप उघडलं की ते विचारतं, काय बघणार? दमलेल्या माणसाला तो प्रश्नच नको असतो. त्यामुळे असं ॲप शोधा ज्यात चॅनल सतत वाहत असतात. पुष्कळ वृत्तवाहिन्यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट असतं. काही देशांत प्लूटो टीव्हीसारख्या फुकट सेवा आहेत. मध्ये जाहिराती लागतात, पण केबलसारखीच वेळापत्रकाची पाटी समोर येते. आणि तुमच्या भागात डिजिटल प्रक्षेपण अँटेनावर मिळत असेल तर त्याला महिन्याचं बिल नाही आणि इंटरनेटही लागत नाही. इंटरनेट गेलं त्या दिवशी हे फार आठवतं.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण वही खरंच ठेवली.

काका, स्टिक यूएसबीमध्येच खोचलेली होती. अडॅप्टर भिंतीत लावल्यापासून एकदाही बंद पडलेली नाही. वेग राउटरपाशी ९४ आणि टीव्हीपाशी साडेआठला ६ मिळाला. लॅन केबल ओढून घेतली. सीईसी चालू केलं. टीव्हीचा रिमोट आता माझ्या कपाटात आहे.

पण वहीत जे निघालं ते मला अपेक्षित नव्हतं. दोन आठवड्यांत आईचा टीव्ही ८४ तास चालला. मालिका १२ तास, सकाळच्या बातम्या ७ तास, जुन्या गाण्यांचं चॅनल ९ तास. उरलेले ५६ तास टीव्ही चालू आणि समोर कोणी नाही. आई स्वयंपाकघरात, गॅलरीत, कधी झोपलेली. मी वही मिटून तिच्याजवळ बसले आणि वाचनवेडी ताईंनी सांगितलं तसं विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही गेल्यावर घर फार गप्प होतं. कोणीतरी बोलत असलं की बरं वाटतं.”

इतकी वर्षं आम्ही त्या केबलचे पैसे भरत होतो आणि ते कशाचे आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. मालिका आणि बातम्या स्टिकवर सहज मिळाल्या, पण त्या ५६ तासांसाठी टीव्हीच लागतो असं नाही. आता तिच्या पलंगाशेजारी आणि स्वयंपाकघरात एकेक छोटा रेडिओ ठेवलाय. एकच गोल बटण, फिरवलं की बोलणं सुरू. दुपारी मी तिला फोनही करते, काम असो वा नसो. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

नवऱ्याचे वर्षातले मोजके सामने आहेत, त्या महिन्यापुरतं सबस्क्रिप्शन घेऊ. मुलाने दोन आठवड्यांत केबल एकदाही लावली नाही. दोनपैकी एक ओटीटी बंद केलं. १०० चा खर्च आता ४३ वर येईल.

एकच अडलंय. केबलच्या बॉक्समध्ये आईने गाण्याच्या मैफलींची अकरा रेकॉर्डिंग जपून ठेवली आहेत. ती पेन ड्राइव्हवर काढता येतील का?

जुना_तंत्रज्ञ

बहुधा नाही. ती त्या बॉक्सच्याच कुलपात बंद असतात. दुसऱ्या यंत्रात डिस्क लावली तरी उघडत नाहीत. पुष्कळ बॉक्सवर तर कनेक्शन बंद झालं की रेकॉर्डिंगही दिसेनासं होतं. त्यामुळे बंद करण्याचा अर्ज देण्याआधी ती बघून घ्या. त्याच मैफली यूट्यूबवर कोणी अधिकृतपणे ठेवल्या आहेत का तेही शोधा, गायकाचं नाव आणि राग घालून शोधलं तर पुष्कळदा सापडतं. बॉक्स परत देताना त्याचा क्रमांक लिहिलेली पावती मागा, आणि अडॅप्टर व रिमोटही त्या पावतीत लिहून घ्या. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी डब्याचे पैसे मागणारं बिल येऊ शकतं.

जाईजुई

बरं झालं विचारलं, उद्याच अर्ज देणार होते. केबल आणखी एक महिना ठेवते. अकरातल्या चार मैफली यूट्यूबवर सापडल्या. उरलेल्या सात रविवारी दुपारी आईबरोबर बसून ऐकणार आहे. पहिली कुठली लावायची ते तिने आत्ताच सांगून ठेवलंय.