नेव्ह, चान्सेल, स्पायर : मराठीत काय लिहावे?

प्रश्न : कुलाब्याच्या अफगाण चर्चवर मराठीत टिपण करायचे आहे. नेव्हला (लोक उपासनेला बसतात तो चर्चचा मधला भाग) सभामंडप, चान्सेलला गाभारा आणि स्पायरला कळस म्हटले तर चालेल का?

— सभामंडप एक वेळ चालेल, गाभारा नको. गाभाऱ्यात मूर्ती असते. चान्सेलमध्ये वेदी असते, शिवाय गायकवृंदाची बाकेही. मूळ लॅटिन ‘कान्सेली’ म्हणजे जाळीचा कठडा. त्याच्या पलीकडची जागा ती चान्सेल. ‘वेदीकक्ष’ लिहा.

— नेव्ह आला लॅटिन ‘नाविस’वरून, म्हणजे जहाज. आपल्या ‘नौ’चे चुलत भावंड. म्हणून ‘नौकक्ष’ घडवू नका, वाचकाला बोटक्लब आठवेल! ‘मधले दालन’ पुरे.

— मग नेव्हच्या दोन्ही बाजूंना लागून असलेल्या आइलना ‘पडव्या’ म्हणावे का? छप्पर बहुधा उतरतेच असते.

— पडवी घराच्या भिंतीबाहेर असते. आइल आणि नेव्ह यांच्यामध्ये भिंत नसून खांब-कमानींची रांग असते. ‘बाजूचे दालन’ बरे. बाकांमधल्या वाटेलाही इंग्रजीत आइलच म्हणतात, तेव्हा संदर्भ बघून.

— ‘कळस’ मात्र सपशेल चूक. कळस म्हणजे शिखराच्या टोकावरचा घट. टॉवर तो मनोरा, आणि त्यावर निमुळता होत जाणारा स्पायर तो सुळका. दोन्हींना ‘मनोरा’ म्हटले की घोळ होतो : अफगाण चर्चची १९८ फूट ही उंची एकट्या सुळक्याची नाही, जमिनीपासून टोकापर्यंतची आहे. तारखांचेही तसेच. पायाभरणी ४ डिसेंबर १८४७, उपासनेसाठी समर्पण ७ जानेवारी १८५८, सुळका पुरा झाला १० जून १८६५ला. ‘१८५८ साली बांधून पूर्ण’ लिहू नका. समर्पणाला ‘प्राणप्रतिष्ठा’ही नको.

— वेदीमागच्या रेरेडॉसला ‘पडदा’ म्हटले तर कापड वाटेल. ‘वेदीमागची नक्षीदार भिंत’. तिचा आराखडा विल्यम बटरफील्डचा, इमारतीचा हेन्री कॉनिबेअरचा; श्रेयाची सरमिसळ टाळा.

— ‘इगर्जी’ हा शब्द कसा वाटतो?

— तो पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आलेला, वसई-गोव्याच्या कॅथलिकांचा. इंग्रज छावणीच्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाच्या) इमारतीला ‘चर्च’च शोभते. आणि ‘अफगाणांचे चर्च’ असे कुठेही येऊ देऊ नका. १८३८–४२च्या पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्या ब्रिटिश बाजूच्या सैनिकांचे ते स्मारक आहे.

— अधिकृत नावात सेंट जॉन आहे. ‘योहान’ करू?

— मराठी बायबलात योहान, पण हे वास्तूचे विशेषनाम. ‘सेंट जॉन’च ठेवा, ‘शुभवर्तमानकार योहान’ एकदा कंसात दिले की झाले.