ट्रेकसाठी हलकी पॉवरबँक: १०००० की २००००?

रानवाट
पुढच्या ट्रेकला सलग चार रात्री तंबूत आहोत, वाटेत प्लग कुठेच नाही. फोनची बॅटरी ५००० एमएएच. नकाशा, फोटो आणि झोपताना थोडं वाचन, एवढाच वापर. शिवाय हेडटॉर्चही यूएसबीवर चार्ज होते. घरात २०००० ची पॉवरबँक आहे, पण सॅकमध्ये वीट टाकल्यासारखं वाटतं. १०००० वर भागेल का? १०००० भागिले ५०००, म्हणजे फोन दोनदा फुल, बरोबर ना? वर सोलर पट्टी असलेली एक पाहिली आहे. ती घेतली तर प्रश्नच मिटेल असं वाटतंय.

ग्रॅममास्तर
दोनदा नाही, दीडदा धरा. खोक्यावरचे १०००० हे आतल्या सेलचे, म्हणजे ३.७ व्होल्टचे. यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर येतात. त्यामुळे एमएएच बाजूला ठेवा आणि वॉट-तासांत मोजा: १०००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, गुणिले ३.७, झाले ३७ वॉट-तास. व्होल्टेज वाढवताना, केबलमध्ये आणि फोन चार्ज होताना काही ऊर्जा नुसती गरम होण्यात जाते. पदरात पडतात ३० च्या आसपास. तुमच्या फोनची बॅटरी साधारण १९ ची. बऱ्याच पॉवरबँकांच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ छापलेली असते, १०००० वाल्यावर बहुधा ६००० च्या आसपास. तो आकडा ५ व्होल्टचा, म्हणजे ६ गुणिले ५, तेच ३० वॉट-तास. हिशेब त्यावर करायचा.

मी तर आधी वजन बघतो, मग क्षमता. लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे साधारण २५० वॉट-तास मावतात. म्हणजे ३७ साठी नुसत्या सेललाच दीडशे ग्रॅमच्या आसपास लागणार. नाइटकोरची एनबी१०००० कार्बन फायबरचं कवच वापरून १५० ग्रॅममध्ये बसवली आहे. साध्या कवचाच्या १८० ते २२० भरतात, त्यात काही वाईट नाही. पण कुणी २०० ग्रॅममध्ये ३०००० देत असेल, तर छापलेला आकडा थापच आहे. काटा खोटं बोलत नाही, छपाई बोलते.

आता तुमचं गणित. माझा फोन फ्लाइट मोडवर, दिवसभर ट्रॅक रेकॉर्ड करत, रोज बॅटरीचा तिसरा हिस्सा खातो. जीपीएस नुसतं ऐकतं, त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही चालतं. नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवा. खरा खादाड म्हणजे दरीत रेंज शोधत बसलेला फोन. पाच दिवसांचे ३२ वॉट-तास धरा, त्यातले १९ फोन घरूनच भरून नेतोय. उरले १३, हेडटॉर्चचे ५. १०००० पुरून उरते. नेटवर्क चालू ठेवणार असाल तर मात्र वीट उचला.

दोरखंड
मी ५००० च्या दोन नेतो. एक पाण्यात पडली तरी दुसरी असते.

ग्रॅममास्तर
दोघं चालत असाल तर मान्य, एकेकाच्या सॅकमध्ये एकेक. एकट्याने दोन कवचं आणि दोन सर्किटं वाहायची म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जास्तीचे ग्रॅम. त्यापेक्षा एक झिपवाली पिशवी न्या.

सोलरचं राहिलं. पट्टी १५ बाय ८ सेंटीमीटर धरली तर भर उन्हात तिच्यावर पडतात १२ वॉट, त्यातले हाती लागतात सव्वादोन-अडीच. ३७ वॉट-तास भरायला भरदुपारचं ऊन पंधरा तास पाहिजे, तेही पट्टी सूर्याकडे तोंड करून स्थिर ठेवली तर. चालताना सॅकवर लटकवली की निम्मा वेळ तुमच्याच सावलीत. वर ऊन खाऊन सेल तापतो, आणि तापलेला सेल लवकर म्हातारा होतो. घडीचं मोठं पॅनल वेगळं, पण ते चार रात्रींसाठी नको.

पायवाट
हेडटॉर्चबद्दल एक भर. काही पॉवरबँका करंट फार कमी झाला की ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून बंद होतात. टॉर्चची बॅटरी लहान, भरत आली की अगदी थेंब थेंब करंट घेते, त्यामुळे ती अर्धवटच राहते. कमी करंटचा मोड आहे का ते बघा. बऱ्याच मॉडेलांत बटण दोनदा दाबलं की तो सुरू होतो. घड्याळ आणि इअरफोनलाही तेच लागतं.

आणि विमानाने जाणार असाल तर पॉवरबँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, तुमची २०००० वालीही ७४ चीच.

रानवाट
मग १०००० नक्की. वरच्या मुक्कामी रात्री शून्याखाली जातं, त्याने काही फरक?

ग्रॅममास्तर
बराच. थंडीत बॅटरी कमी देते, गरम झाली की बरीचशी परत मिळते. पण शून्याखाली चार्ज करू नका. लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर थर धरतं आणि ते नुकसान भरून येत नाही. रात्री फोन आणि पॉवरबँक दोन्ही स्लीपिंग बॅगेत घ्या, अर्धा-पाऊण तास ऊब लागू द्या, मगच केबल जोडा. चार्ज होताना मात्र पांघरुणात गुंडाळू नका, बॅगेच्या तोंडाशी हवेवर राहू द्या. आणि केबल वीतभरच न्या. मीटरभर लांब केबल म्हणजे फुकटचे ग्रॅम, आणि त्यात वीजही जास्त वाया जाते.