मदत हवी आहे : जुन्या ठिबक नळ्या आणि मल्चिंग पेपरपासून (वाफ्यावर अंथरायची प्लास्टिक फिल्म) प्लास्टिकचा दाणा बनवायचा प्लांट

नमस्कार मंडळी, जळगावला एमआयडीसीत छोटा प्लांट टाकायचं चाललंय. आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळी निघाली की जुन्या नळ्या आणि मल्चिंगचा ढीग बांधावर पडतो आणि बरेच जण सरळ काडी लावतात, तो काळा धूर बघवत नाही हो.

नळ्यांचं तसं टेन्शन नाही, माल एलएलडीपीई (पाण्यापेक्षा हलकं पॉलिथिन), ग्राइंडरमधून काढून टाकीत सोडला की प्लास्टिक तरंगतं आणि माती, पीव्हीसीचे तुकडे तळाला बसतात. खरी डोकेदुखी मल्चिंगची. पातळ फिल्म, मातीने लडबडलेली, कितीतरी वजन मातीचंच, धुतल्यावर पाणी सोडत नाही आणि ओला माल एक्स्ट्रूडरला (वितळवून दाणा काढणारं मशीन) गेला की दाण्यात फुगे येतात, बारीक वाळू राहिली तर त्याची गाळायची जाळी सतत चोक. तर स्क्वीझर (फिल्म पिळून पाणी काढणारं मशीन) घ्यावा की अॅग्लो मशीनने (फिल्म कापून, घर्षणाने तापवून तिचे गोळे करणारं) भागेल? डबल स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांचं, वाफ ओढून घेणारं व्हॅक्यूमवालं एक्स्ट्रूडर सुरुवातीलाच घेणं परवडतं का?

दुसरं म्हणजे एमपीसीबीचं (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंट, म्हणजे संमतीपत्र, काढताना धुण्याच्या पाण्याचं काय दाखवलं, सेटलिंग टँक करून तेच पाणी फिरवलं तर चालतं का? आणि २०२२ चे ईपीआरचे (कंपन्यांनी आपल्या प्लास्टिकच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायचे) नियम तर पॅकेजिंगसाठी आहेत, मग शेतातल्या मालावर रिसायकल केल्याचं, कंपन्यांना विकता येणारं सर्टिफिकेट मिळतं का, की दाण्याच्या भावावरच गणित बसवायचं?

ज्यांचा प्लांट चालू आहे त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, खान्देशातलं कुणी असेल तर येऊन बघायचीही तयारी आहे.