मदत हवी आहे: पत्ता वाऱ्याने उलटला तर उत्तर का बदलतं?

नमस्कार मंडळी. दहावीतली भाची सध्या नेरूळला आमच्याकडे मुक्कामी आहे. संभाव्यतेचा धडा करता करता तिला मॉन्टी हॉलचं कोडं सापडलं (तीन दरवाजे, एकामागे गाडी, दोनांमागे बकऱ्या; तुम्ही एक निवडता, सूत्रधार उरलेल्यांतला एक बकरीवाला उघडतो आणि विचारतो, बदलणार का?) आणि घरात दोन तट पडले.

दरवाजे आणि बकऱ्यांऐवजी आम्ही पत्ते घेतो. इस्पिकचा एक्का आणि दोन दुर्ऱ्या, तिन्ही पालथे. मी एकावर बोट ठेवतो. एक्का कुठाय हे तिला ठाऊक असतं. उरलेल्या दोनांतली एक दुर्री ती उताणी करते आणि विचारते, "मामा, बदलणार का?" बदललं तर तीनपैकी दोन वेळा एक्का मिळतो, हे मला पटलंय. कृपया ते परत समजावू नका, त्यावरचे धागे पैशाला पासरी आहेत.

अडचण पुढची आहे. काल ती हात लावायच्या आत पंख्याच्या वाऱ्याने एक पत्ता उलटला. निघाली दुर्रीच. तर म्हणते, "आता बदला नाहीतर ठेवा, निम्मे-निम्मे." का? माझ्या समोरचं चित्र तर तेच आहे: बोटाखाली एक पालथा, शेजारी एक पालथा, एक दुर्री उघडी. विचारलं की ती नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहायला बसते. मला सूत्र नको, मनाला पटेल असं कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
भाची बरोबर आहे. (ठाण्यात नौपाड्याला शिकवण्या घेतो, हा प्रश्न दरवर्षी येतो.) 300 डाव धरा. साधारण 100 डावांत एक्का तुमच्या बोटाखाली, 200 डावांत बाहेर. भाची उलटते तेव्हा त्या 200 पैकी प्रत्येक डावात ती एक्का टाळून दुर्री दाखवते, म्हणून बदलणारा 200 वेळा जिंकतो. वारा काही टाळत नाही. त्या 200 पैकी सुमारे 100 डावांत एक्काच उघडा पडेल आणि डाव रद्द. उरले 100 विरुद्ध 100.

प्रतिसाद २
मूळ कोडं स्टीव्ह सेल्विन यांनी 1975 मध्ये मांडलं. 1990 मध्ये मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी 'परेड' या अमेरिकी मासिकातल्या सदरात 'बदला' असं त्याचं उत्तर दिलं, तर ते चूक आहे म्हणणारी हजारो पत्रं आली, त्यात पीएचडीवाल्यांचीही भरपूर. पॉल एर्डोशसारख्या गणितज्ञालासुद्धा संगणकावर डाव खेळून दाखवल्यावरच पटलं. सदरातल्या प्रश्नात 'दारामागे काय आहे हे सूत्रधाराला माहीत आहे' असं स्पष्ट लिहिलं होतं. सगळं त्यावरच अडलंय आणि वाचताना नेमकं तेच सुटतं.

धागाकर्ता
धन्यवाद. पण काल एकच डाव झाला. रद्द होणारे डाव झालेच नाहीत. न झालेल्या डावांचा माझ्या पत्त्याशी काय संबंध?

प्रतिसाद १
प्रश्न आवडला. मग डाव मोजू नका, दुर्री काय सांगते ते बघा. एक्का तुमच्या बोटाखाली असेल तर वारा बाहेरचा कुठलाही पत्ता उलटो, दुर्रीच निघणार. नसेल तर निम्म्या वेळा एक्का दिसला असता. तो दिसला नाही, म्हणजे तुमच्या पत्त्याचं पारडं थोडं जड झालं: तीनात एकवरून दोनात एक. भाची उलटते तेव्हा एक्का कुठेही असो, दुर्रीच दिसणार असते. त्यामुळे ती दिसल्याने तुमच्या पत्त्याबद्दल नवीन काहीच कळत नाही, तो तीनात एकवरच राहतो.

आणि एक. तिला एक्का कुठाय हे माहीत असून भागत नाही, ती दर डावाला पत्ता दाखवतेच का हेही विचारून घ्या. तुम्ही एक्का धरलात तेव्हाच "बदलणार का?" विचारायची लबाडी केली, तर बदलणारा मामा दर वेळी हरेल.