मुरूम, तळी आणि रान: सातारा-सांगलीतल्या आडवाटा सायकलवरून

गेल्या रविवारी नेर तलावाच्या बांधाखाली पंक्चर काढत बसलो होतो. शेळ्या राखणारे एक आजोबा जवळ येऊन उकिडवे बसले. बराच वेळ नुसतं बघत होते. मग म्हणाले, "चांगली डांबरी सोडून हिकडं कशाला मरायला आलास बाळा?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा.

ग्रॅव्हल बाईक म्हणजे हँडल रस्त्याच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र 40 मिलिमीटरच्या आसपास रुंद. पण ती नसली तरी चालेल. पाणंद, कॅनॉलची पट्टी, फॉरेस्टचा कच्चा रस्ता, पाझर तलावाचा बांध, यांवरून कुठलीही सायकल नेली असेल तर लिहा. नुसती गावांची यादी नको, फजितीसकट लिहा.

वडूज (माहेर मायणीकडचं)

डिसेंबरात माहेरी गेले की पहाटे येरळवाडीचा तलाव ठरलेला. मुख्य रस्ता सोडून गाडीवाटेनं गेलं तर पाण्याच्या अगदी कडेला जाता येतं. रोहित (फ्लेमिंगो) आले असतील तर लांबून पाण्यावर गुलाबी पट्टी दिसते आणि धुकं सरकेपर्यंत ते पक्षी आहेत हे कळत नाही. सायकल पन्नास-साठ पावलं अलीकडेच आडवी ठेवायची. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलच्या करकरीनं थवा उठतो, हे मी एकदा स्वतः पाप करून शिकले.

पण मला पक्ष्यांपेक्षा कुत्री जास्त लक्षात आहेत. येताना धनगरांचा वाडा उतरला होता, मेंढरं बसलेली. चार कुत्री एकदम अंगावर आली. मी जोरात पेडल मारायला लागले तशी जास्तच चेकाळली. तेवढ्यात कोकरू काखेत धरलेली एक मावशी ओरडली, "पळू नगंस! उतर खाली!" उतरले, सायकल मधे धरून उभी राहिले. कुत्री भुंकत राहिली, पण पुढे आली नाहीत. "चाकाला भुकत्यात ती, तुला न्हाय," मावशी म्हणाली. तेव्हापासून वाडा दिसला की लांबूनच उतरते आणि चालत जाते.

पलूस

आमच्याकडचा राजा रस्ता सागरेश्वर अभयारण्याच्या अंगाचा. ताकारीच्या बाजूनं निघायचं, डोंगर एका हाताला ठेवत देवराष्ट्र्याला जायचं. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथं चहा, मग चिंचणीच्या तलावावर डबा. अभयारण्य जेमतेम 11 चौरस किलोमीटरचं, पण गंमत अशी की ते माणसांनी उभं केलेलं रान आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावायचा ध्यास धों. म. मोहित्यांनी घेतला. आज त्या कुंपणापलीकडे सांबर, चितळ, काळवीट आहेत. आत सायकल घालायचा हट्ट धरू नका, कुंपणाबाहेरूनच संध्याकाळी चितळांचे कान दिसतात.

खरी मजा कॅनॉलच्या पट्टीची. ताकारीची योजना कृष्णेचं पाणी उचलून वर चढवते, म्हणून कालवा डोंगराच्या कडेकडेनं एका पातळीत जातो. त्यामुळे शेजारच्या मुरमाच्या रस्त्याला चढच नाही! दोन्हीकडे ऊस, मधे पाणी, आणि आवर्तन चालू असेल, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असेल, तर पाण्याचा गारवा पिंढऱ्यांना लागतो. मात्र ऊसतोड सुरू झाली की हा रस्ता आपला नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोरून आला तर त्याला मागे घेता येत नाही, आपणच उतरून उसात शिरायचं. पाचटानं हात चरचरतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

जाता जाता: किर्लोस्करवाडी वाटेत लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं, आणि 1910 साली इथं कुंडलच्या माळावर वसाहत आली. त्या वेशीवर माझी चेन तुटली होती, आणि दोन किलोमीटरमधे सायकलची चेन जोडणारा एक माणूस सापडला नाही.

कोरेगाव

काटे! त्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? वेळूच्या शिवारात 2016 च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेचं श्रमदान झालं, तिथले समतल चर (पाणी मुरवायला उतारावर आडवे खणलेले) बघायला म्हणून गेलो. उतरताना बाभळीच्या फांद्या तोडून कुंपणाला नेल्या होत्या त्या वाटेनं आलो. घरी येऊन मागच्या टायरातले काटे मोजले, 11. टायर ट्यूबलेस आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) होतं म्हणून पोचलो. सराट्यांचं सीलंट निभावून नेतं, बाभळीचा लांब काटा रिमच्या टेपपर्यंत जातो. काटा जागेवर उपसू नका, घरी येऊन काढा.

सातारा

कासच्या पठारावरून जुना राजमार्ग निघतो, महाबळेश्वरच्या दिशेनं. जांभ्याचा लाल रस्ता, एका बाजूला दाट झाडी, आणि थोडं आत गेलं की कुमुदिनीचं तळं. पाण्यावर पांढरी, पाकळ्यांच्या कडा केसाळ अशी फुलं, नखाएवढी. पण फुलांच्या हंगामात सायकल घेऊन गेलो तर वाटेवर बसलेल्या एका काकांनी थांबवलं. मी म्हटलं, "काका, सायकलनं धूर होत नाही." ते म्हणाले, "धूर नाय, पण चाक हाय." खाली बघितलं तर माझ्या टायरखाली खरंच दोन चिमुकली निळी फुलं चिरडलेली होती. सायकल खाली लावली, चालत गेलो.

नोव्हेंबरनंतर जा. ऊन उतरायच्या आत परत फिरा, गवा संध्याकाळी रस्त्यावर येतो आणि त्याला घाई नसते.

मिरज

दंडोबाच्या डोंगरावर शनिवारी जातो. वरची फॉरेस्टची वाट मुरमाची, झकास. खालची शिवारं काळी. जूनमधे एक सर पडून गेली होती, म्हटलं शॉर्टकट मारू. वीस पावलांत चाक फोर्कमधे जाम. सायकल उचलली तर दुप्पट जड, बूट तिप्पट. द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका काकूंनी हसत खुरपं दिलं. अर्धा तास चिखल खरवडत होतो. वर त्यांनी, "खुरपं धरायची सवय न्हाय वाटतं," हेही ऐकवलं.

माणदेश, निवृत्त शिक्षक

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे साधी काळी सायकल, पुढे दांडी, मागे कॅरिअर. ग्रॅव्हल म्हणजे काय ते नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, खडी."

खडी मला माहीत आहे. 1972 च्या दुष्काळात मी चौथीत होतो. आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं आणि तिथवर जायला रस्ता करायचा होता. आई खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळायची, तरी संध्याकाळी भाकरी थापताना पिठाला लाल डाग लागायचे. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, ती मी खिशात घालून बहिणीला आणायचो. हातोडा वर गेला की आई तोंड बाजूला वळवायची, डोळ्यात कच जाऊ नये म्हणून. ती मान वळवायची सवय तिला शेवटपर्यंत राहिली, कुणी टाळी वाजवली तरी.

त्या रस्त्यावर डांबर कधी पडलंच नाही. अजून तीच खडी आहे, वरून मुरूम. मी रोज सकाळी त्यावरून तलावापर्यंत जातो. चाकाखाली खडी करकरते. तुम्ही त्याला मजा म्हणता, म्हणा. मलाही बरं वाटतं, का ते सांगता येत नाही.

धागाकर्ता

गुरुजी, तो रस्ता बघायचाय. कधी येऊ?

माणदेश, निवृत्त शिक्षक

संक्रांतीच्या आसपास या, नंतर तलावात चिखलच राहतो. नाष्टा घरी करायचा, बाजरीची भाकरी चालते ना? आणि पंक्चरचं सामान जास्तीचं आणा, बांधावर बाभळीच बाभळी आहेत.